वजन आपले, पण रस्ता कोणाचा?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: पत्र लिहिणाऱ्या बाई 47 वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या पतींना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले आणि आता प्रकृती ठीक आहे. डॉक्टरांनी दोघांनाही वजन आटोक्यात ठेवायला आणि रोज चालायला सांगितले आहे. घरात तेल, मीठ आणि साखर कमी झाली. पण घराबाहेर फुटपाथ गाड्यांनी व्यापलेला आहे, संध्याकाळी रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद असतात आणि पतींच्या कार्यालयातील कॅन्टीनमध्ये तळलेल्या पदार्थांखेरीज फारसे काही मिळत नाही. मुलगी 13 वर्षांची आहे. शाळेत सगळ्या वर्गासमोर मुलांची वजने मोजून मोठ्याने वाचून दाखवली गेली, तेव्हापासून तिचा डबा बरेचदा न खाता परत येतो. बाई वसाहतीच्या रहिवासी समितीवर आहेत. समितीकडे एक मोकळा भूखंड आणि थोडा निधी आहे. काहींना तिथे पार्किंग हवे आहे, काहींना व्यायामाची यंत्रे. बाईंनी पायवाट सुचवली तेव्हा समितीवरच असलेले त्यांचे धाकटे दीर सर्वांसमोर म्हणाले, "वहिनी, ज्याला बारीक व्हायचे तो कुठेही होतो. आपल्या घरचे दुखणे वसाहतीच्या गळ्यात कशाला?" बाई विचारतात, की आपण घरापुरते पाहावे की वसाहतीसाठी भांडावे, आणि हे भांडणे म्हणजे दुसऱ्यांच्या आयुष्यात लुडबुड तर नाही ना?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीचा विषय भूखंडाचा नसून मुलीचा आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. वाढत्या वयात डबा वारंवार तसाच परत येणे ही वयाची हौस म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नसते. तिच्याशी बोलताना वजनाचा आकडा, दिसणे किंवा कपड्यांचे माप हा विषय काढू नका. त्या दिवशी शाळेत काय झाले आणि तिला काय वाटले एवढेच विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. वडिलांच्या आजारपणापासून घरात खाण्यापिण्याची चर्चा रोजच होत असेल, तर तिच्या कानांवर त्यातले काय पडते आहे हेही एकदा तपासा. मोठ्यांच्या पथ्याची भाषा मुले स्वतःला लावून घेतात. जेवण टाळणे चालूच राहिले, जेवल्यावर ती लगेच न्हाणीघरात जाऊन दार लावून घेऊ लागली, चक्कर येऊ लागली, पाळी चुकू लागली किंवा वजन झपाट्याने उतरले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शाळेला मात्र लेखी पत्रच द्या. मुलांच्या वाढीची नोंद ठेवण्यात गैर काहीच नाही, पण वजन वेगळ्या खोलीत एकेकाचे घ्यावे, कोणाचेही मोठ्याने वाचू नये आणि नोंद बंद पाकिटातून फक्त पालकांना कळवावी, अशी स्पष्ट मागणी त्यात करा. वाढत्या मुलाचे वजन वय, उंची आणि मुलगा आहे की मुलगी यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काहीच सांगत नाही, हेही लिहा. चारचौघांत लाजवल्याने मुले सडपातळ होत नाहीत. ती लपून खायला शिकतात, खेळाच्या तासाला पोट दुखत असल्याचे सांगतात आणि ज्या मैदानाने त्यांचे भले व्हायचे त्याच मैदानाला टाळू लागतात.

आता तुमच्या दिरांकडे वळते. त्यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे गेलेले बरे. कोणत्याही परिस्थितीत वजन उतरवून दाखवणारी माणसे असतात. पण समितीपुढचा प्रश्न एखाद्याला ते जमते का, हा नाही. वसाहतीतल्या शंभर माणसांपैकी किती जणांना ते वर्षानुवर्षे जमेल, आणि त्यासाठी प्रत्येकाला रोज किती झगडावे लागेल, हा आहे.

याचे एक जुने उदाहरण लंडनचे आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली आणि 1953 मध्ये ती प्रसिद्ध केली. गाडी एकच आणि शहरही एकच, परंतु चालक दिवसभर बसून असे, तर तिकिटे देणारा वाहक कामाच्या दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांना तो उतारवयात व कमी घातक स्वरूपात झाला. वाहकांनी व्यायामाचा काही संकल्प केला नव्हता. जिना त्यांच्या कामातच होता. तुमच्या दिरांसारखा शंकेखोर माणूस विचारेल, की मुळातच सडपातळ माणसे वाहक होत असतील तर? मॉरिस यांनी हीच शंका स्वतः घेतली, दोघांच्या गणवेशांची मापे काढून पाहिली आणि चालकांची कंबर तरुण वयातही रुंद असल्याचे प्रामाणिकपणे नोंदवले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. मात्र त्यानंतरच्या अनेक दशकांच्या संशोधनाने हालचाल आणि हृदय यांचे नाते पक्के केले आहे.

वसाहत बदलल्याने काय होते याचा याहून थेट पुरावाही आहे. अमेरिकेतील पाच शहरांत 1994 पासून अतिशय गरीब वस्त्यांत राहणाऱ्या काही कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी साहाय्य देण्यात आले. सोडत असल्यामुळे कोण जाणार हे नशिबावर होते, ज्याच्या-त्याच्या इच्छाशक्तीवर नव्हते. दहा ते पंधरा वर्षांनी तपासणी झाली आणि 2011 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना हे साहाय्य देऊ केले होते त्यांच्यात तीव्र लठ्ठपणाचे आणि मधुमेहाचे प्रमाण साहाय्य न मिळालेल्या स्त्रियांपेक्षा शंभरांमागे सुमारे तीन ते पाचने कमी होते. त्यांना कोणी आहाराचा तक्ता दिला नव्हता की व्यायामाचा वर्ग लावला नव्हता. हा फरक चमत्कार म्हणण्याइतका मोठा नाही आणि नेमक्या कोणत्या कारणाने तो पडला हे त्या प्रयोगातून उलगडत नाही. पण परिसराचा शरीराशी काही संबंध नाही असे त्यानंतर म्हणता येत नाही.

"आपल्या घरचे दुखणे" हा शब्दप्रयोग तुम्हाला जिव्हारी लागला आहे, हे पत्रावरून दिसते. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी 1980 च्या दशकात एक गोष्ट दाखवून दिली होती, ती इथे कामाची आहे. हृदयविकाराचे बहुतेक रुग्ण अतिशय जास्त धोका असलेल्या मूठभर माणसांतून येत नाहीत. रक्तदाब थोडासा वाढलेला, कोलेस्टेरॉल थोडेसे जास्त अशा असंख्य सामान्य माणसांतून ते येतात, कारण अशा माणसांची संख्याच मोठी असते. त्यामुळे सगळ्यांचा धोका थोडा-थोडा कमी झाला तर निवडक रुग्णांवर केलेल्या उपचारांपेक्षा अधिक झटके टळू शकतात. तुमच्या पतींचा आजार आधी उघड झाला, इतकेच. तो फक्त त्यांचाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

तुमच्या प्रश्नात मला दोन गृहीतके दिसतात. पहिले असे, की घर आणि वसाहत यांपैकी एकच निवडावे लागेल. पूर्व फिनलंडमधील नॉर्थ कॅरेलिया प्रांताचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. 1960 च्या दशकात तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. 1971 मध्ये त्या प्रांतातील लोकप्रतिनिधींनी मदतीसाठी सरकारकडे अर्ज केला आणि 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. त्यांनी लोकांना उपदेश केला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गृहिणींच्या संघटनेला सोबत घेऊन भाज्यांचा वापर वाढवणारा स्वयंपाक गावोगाव करून दाखवला, डेअऱ्यांना कमी स्निग्धांशाची उत्पादने आणायला लावली आणि मांसपदार्थ बनवणाऱ्यांशी चरबी व मीठ कमी करण्याविषयी बोलणी केली. लोणी कमी खपले तर दूध उत्पादकांनी काय करावे, हा प्रश्न आला तेव्हा त्यांना बेरीवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळवण्याचा प्रकल्पही काढला. तंबाखूविरोधी काम बरोबरीने चालूच होते. पुढच्या सुमारे चार दशकांत त्या प्रांतातील कामाच्या वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. यात उपचारांतील सुधारणेचा वाटा आहेच, पण पहिल्या काही दशकांतील मोठी घट रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान कमी झाल्याने झाली. स्वयंपाकघर आणि बाजार ही दोन टोके त्यांनी एकाच वेळी हाती घेतली होती, आणि तुम्ही घरात जे केले आहे ते त्यातले पहिले टोक आहे.

दुसरे गृहीतक अधिक खोल आहे. वसाहतीच्या कामाचे यश वजनाच्या काट्यावर दिसेल, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे होईलच असे नाही, आणि समितीपुढे वजनाचा विषय नेलात तर बैठकीला बसलेल्या प्रत्येक जाड माणसाला तो स्वतःवर आल्यासारखा वाटेल. नियमित चालण्याने रक्तदाब आणि रक्तातील साखर सुधारते, झोप सुधारते, हृदयाची ताकद वाढते, आणि वजन फारसे हलले नाही तरी यातले बरेचसे लाभ मिळतात. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांच्यात ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी रक्तदाब व साखरेवर चांगला परिणाम दिसतो. 'आदर्श' आकड्यापर्यंत पोहोचण्याची अट नसते. तेव्हा तुमच्या प्रस्तावात 'लठ्ठपणा' हा शब्द येऊच देऊ नका. म्हातारी माणसे, बाबागाडी ढकलणारी आई, शाळेला पायी जाणारी मुले, गुडघेदुखीमुळे शंभर पावलांवर बसावे लागणारा माणूस, यांना वसाहतीत सुखाने चालता यावे, एवढाच विषय मांडा. लुडबुडीचा प्रश्नही त्याने सुटतो, कारण तुम्ही कोणाच्या ताटाकडे बोट दाखवत नाही; फुटपाथ मोकळा करून मागत आहात.

भूखंडाबाबत माझे मत सांगते. व्यायामाची यंत्रे मला तितकीशी पटत नाहीत. ती उद्घाटनाच्या छायाचित्रात छान दिसतात. पुढे जे आधीपासून व्यायाम करतात तेच बहुधा ती वापरतात आणि देखभालीची तरतूद नसेल तर वर्षभरात बिजागऱ्या करकरायला लागतात. केवळ भूखंडाभोवतीची पायवाटही पुरेशी नाही, कारण तिथपर्यंत पोहोचायचा रस्ताच धड नसेल तर माणसे तिथे जाणार कशी? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. बहुतेकांना ही मिनिटे वेगळा वेळ काढून मिळत नाहीत. दुकान, शाळा, बसथांबा आणि शेजाऱ्याचे घर यांच्या दरम्यान पायी जाता येत असेल तरच ती सहज भरून निघतात.

म्हणून निधी कशावर घालायचा हे ठरवण्याआधी वसाहत चालून पाहा. एकदा शाळा सुटण्याच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर, सोबत एक वयस्क व्यक्ती, एक बाबागाडी आणि मोजमापाची टेप घेऊन जा. फुटपाथ जिथे विजेच्या खांबामुळे अरुंद होतो आणि बाबागाडीचे चाक रस्त्यावर उतरवावे लागते ती जागा, कडेचा दगड जिथे गुडघ्याला न पेलणाऱ्या उंचीचा आहे ती जागा, रस्ता ओलांडायला जिथे लोक जीव मुठीत धरून उभे राहतात ती जागा, आणि बंद दिव्याचा प्रत्येक खांब यांची क्रमांक घालून नोंद करा, फोटो काढा. पार्किंगवाल्यांचीही बाजू मोजा: रात्री किती गाड्या उभ्या असतात, त्यातल्या किती फुटपाथवर चढलेल्या आहेत आणि किती आठवडाभर जागच्या हललेल्याच नाहीत. माझा अंदाज असा, की निम्मी कामे भूखंडाला हात न लावता होण्याजोगी निघतील. दिवे दुरुस्त करणे, दोन ठिकाणी उतार करणे आणि सावलीत, थोड्या-थोड्या अंतरावर बाक ठेवणे ही त्यातली पहिली. बाकाला कमी लेखू नका. हृदयविकारातून उठलेल्या माणसाला वाटेत बसायला जागा आहे हे ठाऊक असले, तर तो घराबाहेर पडायला धजावतो.

भूखंडाचा काही भाग गाड्यांसाठी द्यावा लागला तरी तो फुटपाथ कायमचा मोकळा करण्याच्या अटीवर द्या. असा सौदा मला तरी चालेल. तसेच, सगळे कायमचेच बांधावे लागते असे नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे 1974 पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 पर्यंत मोठे रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना व सायकलींना मोकळे केले जातात, आणि आज त्या रस्त्यांची लांबी 120 किलोमीटरहून अधिक आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात 2009 मध्ये काही पालकांनी आपल्या गल्लीपुरता असा प्रयोग मुलांच्या खेळासाठी केला. आठवड्यातून दोन-तीन तास एक आतला रस्ता बंद करण्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागेल, परंतु खर्च जवळजवळ काहीच नाही आणि लोकांना नको असेल तर हा प्रयोग थांबवता येतो. विरोध करणाऱ्यांना 'तीन महिने करून पाहू' हे वाक्य सहसा पटते.

कॅन्टीनचे काम तुमच्या पतींनी करावे, तुम्ही नव्हे, आणि तेही एकट्याने नको. कॅन्टीनचालकाला दोष देऊन काही साधत नाही. जे खपते ते तो करतो. कंत्राटाचे नूतनीकरण कधी आहे ते विचारून घ्या आणि चार-पाच सहकाऱ्यांच्या सह्यांनी व्यवस्थापनाला पत्र देऊन नव्या कंत्राटात काही अटी घालायला सांगा. प्रत्येक जेवणात एक न तळलेला पर्याय असावा आणि तो महाग नसावा, रांगेत भाज्या आणि फळे आधी यावीत, गोड पेयांच्या जागी डोळ्यांसमोर पाणी असावे आणि मीठ टप्प्याटप्प्याने कमी व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, त्यामुळे कपात हळूहळू केली तर कोणाला कळतही नाही. एकदम केली तर पहिल्याच दिवशी तक्रारी येतात. पदार्थावर बंदी आणण्याच्या फंदात पडू नका. सहज हाती येणारी गोष्ट बदलली की बरेच काम होते, आणि ज्याला तळलेले हवे आहे त्याला ते मागून घेता येते.

काही गोष्टी मात्र वसाहतीच्या आणि कार्यालयाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. ब्रिटनने 2018 मध्ये 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला, तेव्हा अनेक कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच पेयांतील साखर उतरवली आणि ग्राहकाला वेगळे काही करावेच लागले नाही. डेन्मार्कने 2003 मध्ये खाद्यपदार्थांतील औद्योगिक ट्रान्स फॅटवर, म्हणजे कारखान्यात तेलावर प्रक्रिया करताना तयार होणाऱ्या आणि हृदयाला घातक असलेल्या चरबीवर, कायद्याने मर्यादा घातली. असे निर्णय शासनाचे असतात. ते झाले नाहीत म्हणून तुमचे प्रयत्न कमी पडले असे समजू नका, आणि सगळ्या आघाड्या एकट्याने उघडूही नका. मुलगी आणि शाळा हे पहिले, मग फुटपाथ व दिवे, कॅन्टीन पतींकडे. या वर्षी एवढे पुष्कळ झाले. पतींनी किती आणि किती वेगाने चालावे हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा, आणि चालताना छातीत दुखले, धाप लागली किंवा गरगरले तर लगेच थांबून उपचार घ्यायचे हे घरातल्या सर्वांना माहीत असू द्या.

राहिला प्रश्न दिरांचा. पुढच्या बैठकीत तुम्ही प्रस्ताव मांडू नका. तुम्ही मांडला की तो पुन्हा 'वहिनींचा' होतो आणि चर्चा तुमच्या घरावर घसरते. पाहणीला तुमच्यासोबत आलेल्या वयस्क व्यक्तीने किंवा बाबागाडीवाल्या आईने तो मांडावा, तुम्ही अनुमोदन द्या. दिरांना पाहणीतच सामील करून घ्या आणि गाड्या मोजण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आकडे त्यांनी स्वतः मोजलेले असले की त्यांना ते नाकारता येणार नाहीत, आणि पार्किंगची अडचण खरोखर मोठी निघाली तर तुम्हालाही ती मान्य करावी लागेल. सर्वांसमोर बोललेल्या वाक्याबद्दल वाईट वाटले असेल तर ते त्यांना घरी, एकट्याला, एकदाच सांगा. समितीत तो हिशेब काढू नका. प्रस्ताव लेखी, एका पानाचा, फोटो आणि खर्चाच्या अंदाजासह सचिवांकडे बैठकीच्या किमान आठवडाभर आधी द्या आणि तो विषयपत्रिकेवर क्रमांकासह आला आहे याची खात्री करून घ्या. आयत्या वेळच्या विषयांत गेलेला प्रस्ताव लोक उठून जायच्या घाईत असताना चर्चेला येतो आणि पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.